ज्वारीच्या अक्षता आणि आमचं मशीन

फरशी धुण्याची मशीनं बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत मी नऊ वर्षं डिझाइन करते आहे, आणि आमच्या विभागातल्या एकाही माणसाच्या हातात मी आजवर फडकं पाहिलेलं नाही. टेबलावर चहा सांडला तर आम्ही बेल वाजवतो. तरीही 'सफाई कामगारांच्या अडचणी' या विषयावर आमचे साहेब बैठकीत तासभर बोलू शकतात. त्यांच्या घरी दोन बायका कामाला येतात आणि त्यांतल्या धाकटीचं नाव त्यांना अजून पाठ नाही. मी काही वेगळी नाही. माझ्याकडे एकच बाई येते आणि तिचं नाव मला पाठ आहे, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

मशीन तसं साधं असतं. पुढे गोल ब्रश, ते साबणाच्या पाण्याने फरशी घासतात. मागे धनुष्यासारखी वाकवलेली रबरी पट्टी, ती घाण पाणी मधोमध गोळा करते. तिथून एक पाइप ते पाणी ओढून वरच्या टाकीत नेतो. माणसाने दांडा धरून मागून चालायचं, बस. मशीन पुढे सरकलं की मागची फरशी कोरडी दिसली पाहिजे, आणि ती कोरडी दिसते की नाही हे सगळं त्या रबरी पट्टीवर असतं. ती पट्टी माझ्याकडे होती. तिचं रबर किती मऊ हवं, कोन किती हवा, दाब किती हवा यावर मी लोकांशी भांडलेली आहे. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी खरोखर चिडून भांडायचे.

तपासणी आम्ही कारखान्यातल्या चाचणीच्या खोलीत करायचो. तिथली फरशी आरशासारखी. घाणही आमचीच, बरण्यांत भरून आणि चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेली: बारीक वाळू, चहाचा डाग, तेलाचा डाग, बिस्किटाचा चुरा. साहेब तिला 'प्रमाणित घाण' म्हणत. घाणीलासुद्धा प्रमाणपत्र! चिमूटभर टाकायची, मशीन फिरवायचं, टाळ्या वाजवायच्या, मशीन पास. बरणीतली घाण स्वभावाने गरीब असते, ती कुणाला नापास करत नाही.

अशात बीड जिल्ह्यातून विचारणा आली. वडवणीच्या अलीकडे, बीडच्या रस्त्याला, एका पुढाऱ्याने नवं मंगल कार्यालय बांधलं होतं. मशीन घेतो म्हणाला, पण आधी चालवून दाखवा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तिकडच्याच ना?"

तिकडची म्हणजे वडवणीचीच. नऊ वर्षांत पहिल्यांदाच माझ्या गावाचा कंपनीला काहीतरी उपयोग होत होता. साहेबांच्या डोक्यात बीड म्हणजे दुष्काळ आणि ऊसतोड, तिथे टाइल्स बसवतात हेच त्यांना नवीन होतं. मी मात्र हरखले. आपल्या गावात आपलं मशीन, म्हणून नवी साडी नेसून गेले. फरशी धुवायला नवी साडी! माझी हुशारी इथूनच दिसायला लागते.

बरोबर विक्री विभागातला एक गृहस्थ होता. भर मे महिन्यात बीडमध्ये गळ्यात टाय. दर दुसऱ्या वाक्याला 'झीरो मेहनत' हे दोन शब्द त्याच्या तोंडून आपोआप पडत, आणि स्वतः तो मशीन टेम्पोतून उतरवतानाही हात लावत नव्हता. कार्यालयाचे मालक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत दारात उभे होते. आमच्याकडचे पुढारी कपड्यांना डाग पडू देत नाहीत, बाकी कशाला पडला तर त्यांची हरकत नसते.

त्या दिवशी दुपारचं एक लग्न होतं आणि संध्याकाळचं दुसरं. मधल्या दोन तासांत हॉल झाडून, धुऊन, कोरडा करायचा. हे काम एक मावशी आणि तिची जाऊ करत. मावशी साठीकडे झुकलेली, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी. आधी मला 'बाई, तुमी' म्हणत होती. मी वडवणीची आहे, अमक्या गल्लीतली, असं सांगितल्यावर लगेच 'लेकी' आणि 'तू' वर आली.

"लई वर्सं कोयत्यावर गेली माझी," ती म्हणाली. "दिवाळी झाली का ट्रकात बसायचं, ऊस तोडत हिंडायचं. आता गुडघे वाकत न्हाईत तर मुकादम न्हाई घेत. रानात बी वाकून काम व्हत न्हाई. हितं निदान डोक्यावर सावली हाय, अन् उभ्यानं काम हाय."

तेवढ्यात मालक आले. "ताई, मशीन चाललं का मंग ह्या दोघींचं काम न्हाई बगा. पुतण्या हाय आमचा, रिकामाच हाय, त्यो फिरवील."

मावशी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. आवाज खाली करायची तसदीही मालकांनी घेतली नाही. ती चूल नाही की खुर्ची नाही, ऐकू येणारं माणूस आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं. विक्रीवाला म्हणाला, "अगदी बरोबर, झीरो मेहनत." आणि मी मान हलवली. आडवी नाही, उभी.

लग्न लागलं, पंगती उठल्या, हॉल रिकामा झाला. फरशीवर पाकळ्या, सुपारीची टरफलं, पाण्याचे ग्लास, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अक्षता. मोठा कचरा हाताने उचलला. मावशी एक गोणपाट घेऊन पुढे आली.

"आदी अक्षता घिऊ का गोळा करून?"

विक्रीवाला हसला. "मावशी, तुम्ही बसा आता निवांत. मशीन सगळं खातं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. ही इकडची आहे, ही काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं असणार. मी बॅटरीचा काटा बघत होते.

पुण्यात अक्षता तांदळाच्या असतात, आमच्याकडे ज्वारीच्या. तांदूळ लांबट. पडला तिथे पडून राहतो आणि पाण्याबरोबर निमूट ओढला जातो. ज्वारीचा दाणा गोल. ढकलला की पळतो, दाबला की रबरी पट्टीखाली शिरतो आणि पट्टीला फरशीपासून आपल्या जाडीएवढं उचलून धरतो. जितके दाणे अडकतील तितके पाण्याचे ओघळ मागे सुटतात. मशीनने हॉलची लांबी एकदा कापली आणि मागे कुंकवाच्या पाण्याच्या लाल रेघाच रेघा. दुसऱ्या फेरीत पाकळ्या आणि ज्वारी मिळून पाइपच्या वाकणात बूच बसलं. ओढ थांबली. ब्रश मात्र इमानेइतबारे पाणी सोडत राहिले, आणि झीरो मेहनतवाल्याला बंद करायचं बटण सापडेना.

"काय झालं बे?" म्हणत मालक तरातरा आले आणि घसरले. पडू नये म्हणून त्यांनी चालत्या मशीनचा दांडा धरला, तर मशीन त्यांना घेऊन पाच-सहा पावलं पुढे गेलं. थांबलं तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत लाल. पुतण्या मोबाईलवर सगळं टिपत होता. ते त्याला लगेच पुसावं लागलं.

जाऊबाई पदरात तोंड घालून हसली. मला नाही हसू आलं. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. माझं स्वतःचं लग्न वडवणीत झालं. माझ्या डोक्यावर ज्वारीच पडली होती, तीन दिवस केसांतून दाणे निघत होते. आणि अख्ख्या कंपनीत एकट्या मला ठाऊक असलेली ही गोष्ट मला एकदाही आठवली नाही, कारण आमच्या बरण्यांमध्ये ती नव्हती. काखेत कळसा अन् गावाला वळसा. साहेबांना हसण्याचा मला काडीचा अधिकार नाही. त्यांना निदान माहीत नव्हतं.

वऱ्हाड यायला पाऊण तास उरला होता. मावशीने कुणाला विचारलं नाही. जाऊ वायपरने आमचं पाणी मोरीकडे ढकलू लागली. हॉलचा अर्धा भाग अजून कोरडा होता, तिकडे मावशी गेली. तिने गोणपाट पाण्यात बुडवलं, घट्ट पिळलं, फरशीवर पसरलं आणि दोन कोपरे धरून सावकाश मागे मागे ओढत चालली. दाणे गोणपाटाच्या विणीत बसत गेले. मागची फरशी स्वच्छ, एक दाणा नाही. टोकाला पोचल्यावर तिने गोणपाट उचलून घमेल्यात झटकलं, चिमूटभर ज्वारी कपाळाला लावली आणि पुन्हा पसरलं. पायदळी गेलेल्या अक्षता कचऱ्यात टाकायच्या नाहीत, गच्चीवर पाखरांना घालायच्या, हा तिचा नेम होता.

मी मागे मागे चालत विचारत होते आणि ती काम न थांबवता सांगत होती.

"झाडूनं ज्वारी पळती. तिला पळूच द्यायचं न्हाई. पोतं हळू वडायचं, मंग ती आपसूक येऊन बसती. अन् लई ओलं न्हाई करायचं, न्हाईतर दाना फुगून रुतून बसतो, झटकला तरी निगत न्हाई. अन् रोजच्या रोज झटकायचं. ऱ्हायलं का कुजलं."

वीण केवढी हवी, ओल किती, वेग किती, साफ कसं करायचं, सगळं चार वाक्यांत. नऊ वर्षांत मला इतकं नेमकं डिझाइन कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं.

मग मात्र मला राहवलं नाही. "मावशी, मालक काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही? मशीन चाललं तर तुमचं काम जाणार. मग मला कशाला सांगताय हे?"

तिने कंबर सरळ केली. "आइकलं की. पर चुकीचं काम डोळ्यांनं बगवत न्हाई माय. न्हाईच बगवत."

शहाण्या बाईने तिथेच मशीन टेम्पोत घातलं असतं आणि साहेबांना सांगितलं असतं की तिकडे नाही चालत. मी शहाणी नव्हते, मी डिझाइनर होते. माझी पट्टी नापास झाली होती आणि ती पास कशी करायची हे मला कळलं होतं. त्या रात्री नव्हे, तिथल्या तिथे, अक्षतांच्या पिशवीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आकृती काढली.

पुण्याला येऊन चार महिने खपले. मशीनच्या तोंडाशी एक रूळ बसवला, त्यावर जाडसर विणीचं तागाचं कापड. वरून थेंब थेंब पाणी, पुरतं ओलं होणार नाही असं. रूळ फिरताना दाणे उचलणार, मागचा कंगवा ते खरवडून जाळीच्या टोपलीत टाकणार. पाणी आणि रबरी पट्टी त्यानंतर. टोपली काम झाल्यावर झटकायची. आणखी एक गोष्ट मी केली: दांडा खाली घेतला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीच्या बाईला नीट धरता येईल इतका. मनातल्या मनात मी एक तोड काढली होती, की मशीन मावशीच चालवेल. उभ्याने काम, डोक्यावर सावली, आणि कोपऱ्याकोपऱ्याची माहिती तिच्याइतकी कुणाला असणार? मालकांना फोन करून तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बगू की ताई." आमच्या भागात 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो, हे मला दूध पीत होते तेव्हापासून माहीत आहे. तरी मी तो होकार धरला, कारण मला तो सोयीचा होता.

साहेब रुळावर बेहद्द खूश झाले. त्यांनी पेटंटचे कागद तयार करवले. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर त्याच बिळात मीही शेपटी आत घेऊन बसले होते. कागदात 'नियंत्रित आर्द्रतेचा तंतुमय संकलक' असं काहीसं लिहिलं होतं. पोतं हा शब्द कुठेही नव्हता. मावशीचा तर प्रश्नच नव्हता.

तुळशीचं लग्न झाल्यावर लग्नं सुरू झाली आणि आम्ही परत गेलो. यावेळी मशीन चाललं. ज्वारी टोपलीत, पाणी टाकीत, फरशी कोरडी. मावशीने वाकून रूळ पाहिला, हात लावून पाहिला आणि खळखळून हसली. "पोतंच हाय की गं ह्ये!" मी तिच्या हातात दांडा दिला. तो तिच्या हाताला बरोबर आला. दोन फेऱ्या तिने मारल्या, खांबाला वळसा घालून मशीन असं वळवलं की आमच्या चाचणीवाल्यांनी येऊन शिकावं. ती फार आनंदात होती आणि तिला तसं बघून मीही होते.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," मालक म्हणाले. "बाईमानसाच्या हातात येवढं मशीन कावून? अबे, इकडं ये बे, धर ह्ये."

पुतण्या आला. तिशीतला, चांगला उंचपुरा. दांडा धरायला त्याला वाकावं लागलं. मी म्हटलं, "मालक, मावशींनाच चालवू द्या ना. त्यांना जमतंय." एवढं एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा विक्रीवाल्याने डोळे वटारले, आणि मी त्या टायवाल्याच्या डोळ्यांना घाबरले. मशीनला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पुढच्या लग्नापासून येऊ नका, असं दोघी जावांना कार्यालयाच्या मुनीमजींनी सांगितलं तेव्हा मी पोचपावतीवर सह्या घेत होते. मावशी जाताना माझ्याजवळ आली आणि "टोपली रोज झटकायला सांग त्यांला," एवढंच बोलली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये तक्रार आली, मशीन वास मारतंय. मी एकटीच गेले. मशीन मांडवाच्या जुन्या कापडाखाली कोपऱ्यात होतं. पुतण्याने टोपली एकदाही झटकलेली नव्हती. आतल्या ज्वारीला मोड येऊन, मग ती कुजून, काळा लगदा झाला होता. रुळाचं कापड वाळून लाकूड झालेलं. दांड्याला लोखंडी नळी जोडून तो उंच केला होता, तोही वाकडा. आणि हॉल? बाहेरचे चार गडी बोलावून मोटारीच्या नळीने धुवायचे. मोऱ्या ज्वारीने तुंबलेल्या, आदल्याच आठवड्यात एक व्याही घसरून हात मोडून बसला होता.

"कंपनीचा मालच खराब हाय ताई," मालक म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं. पुतण्या मान डोलावत होता.

मी म्हटलं, "मावशींना परत बोलवा. त्या चालवतील."

"ती कुठली आता. गेली लेकीकडं, चकलांब्याला."

पुण्याला जायचं सोडून मी वाट वाकडी केली आणि चकलांब्याला गेले. काय सांगायचं ते गाडीत सगळं ठरवलं होतं. माफी मागायची, मशीन कसं बंद पडलं ते सांगायचं, त्या लोकांना चार शिव्या घालायच्या, मन मोकळं करायचं. माझं मन.

मावशी लेकीच्या घरासमोर पाय लांब करून बसली होती. दोन्ही गुडघ्यांना हळदीचा लेप. ज्वारीची काढणी चालू होती, सकाळपासून वाकून ताटं उपटून ती नुकतीच आली होती. हाताच्या तळव्यांना चिरा पडलेल्या. मला बघून उठायला लागली, मी खांद्याला धरून बसवलं. तिने लेकीला चहा टाकायला सांगितला, माझ्या घरच्यांची विचारपूस केली, आणि मग डोळे बारीक करून, आपल्या माणसाची खुशाली विचारावी तसं विचारलं, "मशीन चालतंय ना गं?"

मी म्हटलं, "चालतंय. मस्त चालतंय."

"चालायलाच पायजे," ती म्हणाली आणि गुडघा चोळू लागली. "बंद पडलं आसतं, तर मंग मला कावून काढलं म्हनायचं?"